माणसाळलेली गाठ

५ मार्च

विहीणबाईंस,

नमस्कार. 'सप्रेम' हा शब्द या खेपेला लिहिलेला नाही. तुमच्याकडे राहिलेल्या झाकणाबरोबर तो परत आला की पुन्हा वापरात घेईन.

विषय गंभीर आहे, म्हणून क्रमाने मांडतो. जानेवारीत मी तुमच्या प्रयोगशाळेला बेडकांच्या पेशींच्या गोठवलेल्या कुप्या पाठवल्या. थर्माकोलच्या एका सुस्थितीतल्या, चौकोनी डब्यातून पाठवल्या. डबा काल परत आला. आतला कोरडा बर्फ नाहीसा झाला, हे मी समजू शकतो. उडून जाणं हा त्याचा धर्मच आहे. पण झाकण हे घनपदार्थांत मोडतं, ते वाटेत उडून गेलं हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही. लहानपणी आमच्या गुरुजींनी तर्कशास्त्र घोकून घेताना घट म्हणजे काय, यावर आमचे कितीतरी दिवस खाल्ले होते. झाकण नसलेल्या डब्याला डबा म्हणावं का, यावर तर त्यांनी अख्खा उन्हाळा काढला असता. तुम्ही वर चिकटपट्टी गुंडाळून विषय संपवलात. तुमच्या घराच्या रीतीबद्दल मी काही बोलणार नाही, कारण माझी एकुलती एक मुलगी तुमची सून आहे आणि तिला तिथे राहायचं आहे.

आता दुय्यम मुद्दा. डब्याच्या तळाशी तुमची चिठ्ठी होती. 'काळीच्या कुपीतल्या पेशी काळ्या कुळाच्या नाहीत. यंत्रावर तपासलं. तुमच्याकडेही बघून घ्या.' ना नमस्कार ना चमत्कार.

तुम्हाला ठाऊक असलेलंच तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही विसरलेल्या दिसता. आपल्याकडे नखवाल्या बेडकांची दोन कुळं होती, एक काळ्या पाठीचं आणि एक करड्या पाठीचं. एकाच कुळातले सगळे बेडूक आतून इतके सारखे, की एकाची कातडी दुसऱ्याच्या पाठीवर शिवली तर ती तिथे सुखाने नांदते. शरीराचे पहारेकरी जिथे शिकून तयार होतात, त्या थायमस नावाच्या ग्रंथीत एका काळ्या बेडकीला गाठ झाली. पहारेकरीच दरोडेखोर निघाले. त्या गाठीच्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवून 'काळी' हा पेशीवंश झाला. तसाच करड्या बेडकापासून 'करडी'. काळी पहिल्यापासून जहाल. कुठल्याही काळ्या बेडकात टोचली की गाठ वाढायची आणि बेडूक जायचा. माझ्या फ्लास्कमध्ये वर्षानुवर्षं राहून ती निवळली. आज तीच काळी काळ्या बेडकात टोचा, त्याचे पहारेकरी तिला चिरडून टाकतात. मी तिला 'माणसाळलेली गाठ' म्हणतो आणि आता जग म्हणतं. माझी अर्धी कारकीर्द या शोधावर उभी आहे. उरलेली अर्धी, त्यावरची भाषणं झाल्यावर मिळणाऱ्या चहावर.

आणि तुम्ही म्हणता, ती काळी नाहीच.

चिठ्ठीवरचं अक्षर तुमचं आहे. पण तुमच्या लॅबमध्ये त्या यंत्रावर कोण बसतं, हे मला माहीत आहे. सासूने सुनेला चुलीपाशी राबवल्याचं ऐकून होतो. बापाविरुद्ध पुरावे गोळा करायला राबवल्याचं हे पहिलंच उदाहरण. ठकीला आशीर्वाद सांगा. झाकणाची वाट पाहतो.

आपला,
व्याही

*

१४ मार्च

व्याहीमहाशय,

झाकण आहे. तुमच्या लेकीने ते एका टबावर ठेवलंय. टबात बेडूकमासे आहेत, त्यांना पाय फुटताहेत, आणि पाय फुटले की ते बाहेर उड्या मारतात. टब रिकामा झाला की झाकण मिळेल. तोवर डबा उघडा राहिला म्हणून त्याला सर्दी होणार नाही.

हाताने पत्र लिहितेय, कारण लॅबची ई-मेल सूनबाई उघडते आणि तुम्ही उत्तरात माझा काय उद्धार कराल याचा भरवसा नाही.

तुमचा घट वाचला, गुरुजी वाचले, चहा वाचला. मी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर कुठे दिसलं नाही. म्हणून पुन्हा सांगते. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक 'काळी'च्या कुपीत करडीच्या पेशी आहेत. काळी औषधालासुद्धा नाही. म्हणजे तुमची गाठ माणसाळलेली वगैरे काही नाही. काळे बेडूक तिला चिरडतात कारण ती त्यांना परकी आहे. परक्याला हाकलणं बेडकाला उपजतच येतं. त्यात तुमच्या संगोपनाचं काही कौतुक नाही.

हे झालं कसं, तेही सांगते. मुलांचं जमलं तेव्हा तुम्ही मोठ्या हौसेने मला तुमची लॅब दाखवलीत. काळीच्या पेशी थकलेल्या होत्या, वाढत नव्हत्या. अशा वेळी शेजारच्या जोमदार फ्लास्कमधलं वापरलेलं माध्यम, म्हणजे पेशींचं पोषक पाणी, त्यांना पाजायचं, ही युक्ती सगळेच करतात. आम्हीही त्याला 'उष्टं'च म्हणतो. पण आम्ही ते उष्टं बारीक गाळणीतून गाळून घेतो. तुम्ही करडीच्या फ्लास्कमधलं माध्यम सेंट्रिफ्यूजमध्ये नुसतं गरगर फिरवलंत आणि वरचं पाणी काळीला घातलंत. मी विचारलं, 'गाळत नाही?' तर म्हणालात, 'गाळलं की सत्त्व जातं.' मी पाहुणी होते, गप्प बसले.

तुम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलात, आणि अशाच कुठल्यातरी जुन्या खेपेला तुमच्या त्या सत्त्वात करडी पोहत होती. एक पेशी निसटली तरी पुरते. करडी भराभर वाढते, काळी रडतखडत. थोड्याच दिवसांत फ्लास्क करडीने भरला आणि बाहेरची चिठ्ठी काळीचीच राहिली.

तुमच्या पेशी आणखी कितीतरी लॅबमध्ये गेल्या आहेत. लोक त्यांच्यावर प्रतिकाराची औषधं शोधत बसलेत. त्यांना कळवा. तुम्ही कळवलं नाहीत तर आम्ही छापू.

विहीण

ता. क. मी सुनेला राबवत नाही. तीच मला राबवते. घरीसुद्धा.

*

२० मार्च

विहीणबाईंस,

नमस्कार. पत्र पोचलं. इतक्या थोड्या ओळींत इतका अपमान बसवायला संक्षेपाची मोठीच सिद्धी लागते. ती तुमच्याकडे आहे.

आमच्या संस्कृत व्याकरणात 'मंडूकप्लुती' म्हणून एक प्रकार आहे. एका सूत्रातला शब्द मधली सूत्रं तशीच सोडून, बेडकासारखी उडी मारून, थेट पुढच्या कुठल्यातरी सूत्रात जाऊन बसतो. तुमचा युक्तिवाद तसा आहे. तुम्ही यंत्रावरून जी उडी मारलीत ती थेट माझ्या सेंट्रिफ्यूजवर. मधे तुमची स्वतःची लॅब लागली, तिथे मात्र पाय टेकवला नाहीत. कुपी माझ्याकडून निघाली तेव्हा काळी होती. तुमच्याकडे उघडली, तुमच्याकडे वाढवली, तुमच्याकडे तपासली, आणि करडी झाली. तुमच्या इन्क्युबेटरमध्येही करडी असते ना? मग बाटवाबाटवी कुणाच्या घरात झाली? सुनेच्या माहेरहून आलेल्या वस्तूत खोट काढायची ही जुनी तऱ्हा आहे. फक्त ती आजवर भांड्याकुंड्यांपुरती होती.

उष्ट्याबद्दल. ही पद्धत मी हाताने शिकलो आणि हाताने शिकवली. ठकीलासुद्धा. कॉलेजच्या सुट्टीत ती माझ्याकडे काम करायची. एकदा तिनेही विचारलं होतं, 'बाबा, गाळणी लावू का?' मी म्हटलं, 'लाव की. आणि पेशींना सांग, आज निर्जळी आहे.' सगळी लॅब खदखदून हसली. तीही हसली. तेव्हा गाळणीचा हा मुद्दा आमच्याकडे केव्हाच निकालात निघालेला आहे. तुम्ही नवीन काही आणलं असतंत तर विचार केला असता.

यंत्राला मी साक्षीदार मानत नाही. त्याला जे भरवाल ते ते ओकतं. साक्ष बेडकाची. ज्याचे पहारेकरी ज्या पेशीला आपली म्हणतील ती त्या कुळाची. माझी काळी एखाद्या करड्या बेडकात टोचून बघा. तिथे ती वाढली तर ती करडी, मी हात जोडतो. नाही वाढली तर तुमचं यंत्र भंगारात घाला आणि झाकण परत करा. अडचण एवढीच, की टाक्यांमध्ये कातडीचा तो रोग शिरला तेव्हा करडं कूळ तुमच्याकडचं आणि माझ्याकडचं, दोन्हीकडचं संपलं. साक्षीदार हयात नाही. आरोपी सुटला, असं समजून मी कामाला लागतो.

एक विनंती आहे, आणि ही थट्टा नाही. ठकीला यात ओढू नका. तिला बापासमोर उभं करून तुम्ही जिंकलात, तर ते जिंकणं तुम्हाला रोज जेवायच्या टेबलावर समोर बसलेलं दिसेल.

आपला,
व्याही

*

९ एप्रिल

व्याहीमहाशय,

साक्षीदार हयात आहे.

आमच्या बेडूकघरात कोपऱ्यातल्या टाकीत करड्या कुळाचा एक नर अजून आहे. म्हातारा झालाय, एका डोळ्याने दिसत नाही, यकृताचा तुकडा नाकासमोर धरावा लागतो. सगळे त्याला आजोबा म्हणतात. त्या रोगातून तो एकटा वाचला. एकुलता एक म्हातारा प्रयोगात मारायचा नाही, म्हणून त्याची काळ्या माद्यांबरोबर जोडी लावली. पिल्लं झाली. एक खेप मागच्या वर्षीची आहे, आता चांगली मोठी झालीत. दुसरी तुमच्या झाकणाखाली वाढतेय.

पुढचं तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, पण तुम्ही मला समजावलंत म्हणून मीही समजावते. संकर पिल्लू आईकडचं आणि बापाकडचं, दोन्ही आपलं मानतं. काळी गाठ टोचली तरी त्याला ती घरची, करडी टोचली तरी घरची. उलटं होत नाही. पिल्लाची कातडी काळ्या आईला लावली तर आई ती झिडकारते, कारण तिच्यात अर्धं बापाकडचं असतं. यात मला नवल वाटत नाही. तुमची मुलगी आणि माझा मुलगा आपल्या दोघांचंही मुकाट्याने ऐकून घेतात. आपल्याला एकमेकांचं झाकण सहन होत नाही.

तर सोबतच्या डब्यात ओल्या शेवाळावर मागच्या वर्षीचे संकर पाठवते आहे. तुमच्या फ्रीझरमधली, तुम्ही स्वतः गोठवलेली, आमच्या दाराशीही कधी न आलेली 'काळी' काढा. तुमच्या हाताने वाढवा, तुमच्या हाताने टोचा. संकरांत टोचा आणि तुमच्याकडच्या काळ्या बेडकांतही टोचा. गाठ खरंच माणसाळलेली असेल तर ती दोन्हीकडे मरेल. नुसतीच परकी असेल तर काळ्यांत मरेल आणि संकरांत फोफावेल. मग बाटवाबाटवी कुणाच्या घरातली, ते बेडूकच सांगतील. साक्ष बेडकाची, असं तुम्हीच लिहिलंय. माझ्याकडे ते पत्र आहे.

माहेरच्या भांड्याकुंड्यांचं लिहिलंत त्याला उत्तर देत नाही. माझ्या घरात कुणी कुणाच्या माहेराचं नाव काढत नाही. तुमचं मी आत्तापर्यंत काढलं नव्हतं.

सुनेला ओढण्याबद्दल मला पुष्कळ लिहायचं होतं. लिहू नका असं मला सांगितलं गेलंय, म्हणून थांबते.

विहीण

*

१५ एप्रिल

विहीणबाईंस,

नमस्कार. संकर सुखरूप पोचले. टाकीत सोडल्याबरोबर त्यांनी एकमेकांच्या डोक्यावर बसायला सुरुवात केली, त्यावरून दोन्हीकडचे गुण उतरले आहेत अशी खात्री पटली.

डब्याला या वेळी झाकण होतं, त्याबद्दल आभारी आहे. ते माझं नाही. माझं चौकोनी होतं, हे लांबट आहे आणि एका बाजूने डब्याबाहेर डोकावतं. हाही संकरच समजतो.

प्रयोग करतो. मी हरेन या आशेने तुम्ही इतकी तजवीज केलीत, तर ती वाया जाऊ देणं बरं नाही. अट एकच. निकाल काहीही लागो, तुम्ही जे छापाल त्यावर ठकीचं नाव नसावं. ना बाप हरल्याच्या लेखावर, ना जिंकल्याच्या. तिला उद्या चार लोकांत वावरायचं आहे, आणि बापाला पाडणारी मुलगी अशी तिची ओळख मला नको आहे. तुम्हाला पाडायचंच असेल तर स्वतःच्या नावाने पाडा. एवढी हिंमत तुमच्यात आहे, हे मी मनापासून मानतो.

तसं लिहून पाठवा. तोवर माझ्याकडून काही कळणार नाही.

आपला,
व्याही

*

३ जून

व्याही,

आज 'महाशय' नाही. कंटाळा आला.

एप्रिल गेला, मे गेला. गाठ वाढायची असती तर पंधरा दिवसांतच बेडूक हातात धरल्यावर बोटांना लागली असती. तुमचं एक अक्षर नाही. माझ्याकडून लिहून यायची वाट बघत असाल तर ऐका. अट मान्य नाही. मान्य करायला ते काम माझं नाहीच. तुमच्या मुलीचं आहे.

सगळं तिचं आहे. रोगानंतर सगळे त्या म्हाताऱ्या बेडकाला मारून टाकी धुवायला निघाले होते, ही टाकीपुढे उभी राहिली. संकराची कल्पना तिची. यंत्रावर तपासलं तिने. मागच्या वर्षीपासून तिला शंका होती, म्हणून तर ती पहिली खेप. चिठ्ठी माझ्या अक्षरात होती कारण तिने माझ्यासमोर बसून ती मला लिहायला लावली. तुम्हाला वाटलं मी तिला पुढे करतेय. इतके दिवस ती माझ्यामागे उभी होती. आणि मी, शहाणी, तिच्यासाठी तुमच्या शिव्या खात होते, त्याही संस्कृतातून.

आता शिव्या पुरेत. जुलैत तिची नेमणूक एकतर कायम होईल नाहीतर संपेल. समितीला स्वतःचं, नवं, छापायला गेलेलं काम दाखवावं लागतं. तिच्याकडे हे एकच आहे. लिहून तयार आहे, आकृत्या काढून झाल्यात. ती पाठवत नाही. बाबांनी हो म्हटल्याशिवाय नाही, म्हणते. मग विचार बाबांना, म्हटलं. तर विचारतही नाही.

मी तिला म्हटलं, 'अगं, मी तुझी सासू. माझ्याशी तू मिठावरून भांडतेस, फ्लास्कवरून भांडतेस, परवा तर दार आपटून गेलीस. तुझा बाप तर कधी आवाजसुद्धा चढवत नाही. त्याला काय घाबरायचं?'

तर म्हणाली, 'आई, बाबा रागावत नाहीत हो. थट्टा करतात. रागावले असते तर मी भांडले असते. थट्टेवर काय बोलायचं? सगळे हसतात, मग आपणही हसतो, आणि आपलं म्हणणं तिथेच राहतं.'

मग तिने मला ती गाळणीची गोष्ट सांगितली. तुम्ही ती मला आधीच लिहिली होतीत, गंमत म्हणून. तुमच्या पत्रात 'तीही हसली' असं होतं. ती म्हणाली, त्यानंतर तुमच्या लॅबमध्ये तिने कधी काही विचारलं नाही. शिकायला माझ्याकडे आली, ती म्हणून.

त्या दिवशी पोरीला गाळणी लावू दिली असतीत तर तुमची काळी आज काळी असती.

मला तुम्ही आवडत नाही. मुलांच्या लग्नातही आवडला नव्हता. पण ही मुलगी मला आवडते, आणि तुमच्या विनोदापायी तिची नोकरी गेली तर मी तुमच्या दारात येऊन भांडेन, पत्रातून नाही. तिला फोन करा. साधं बोला.

विहीण

*

११ जून

विहीणबाईंस,

नमस्कार.

निकाल तुमचं पत्र येण्याआधीच लागला होता. काळ्या बेडकांत काही नाही. संकरांत एकूणएक. कुशीला बोट लावलं की हाताला लागते, पावट्याएवढी, मग लिंबाएवढी. पाण्यात ते एका बाजूला कलून पोहायला लागले. मी त्यांच्याकडे बघत बसायचो, आणि हे काम दुसऱ्या कुणावर सोपवावं असं वाटायचं.

एवढ्यावर मी मानलं नाही, हेही लिहितो. त्याहून जुनी कुपी काढली, ती टोचली. तोच प्रकार. मग त्याहून जुनी. तुम्ही वाट बघत होतात तेव्हा मी फ्रीझरमध्ये मागे मागे जात होतो. अगदी तळाशी, मी लॅब हाती घेतली त्या वेळच्या कुप्या आहेत. त्यांतली काळी खरोखर काळी निघाली. तिने काळे बेडूकही मारले आणि संकरही. जराही माणसाळलेली नाही. म्हणजे मूळ वंश गेलेला नाही, बाकी जे मी सांगत फिरलो ते गेलं.

या डब्यात त्या कुप्यांपैकी निम्म्या पाठवत आहे. तुमच्याकडे ठेवा. वाढवताना उष्टं गाळून घाला. ज्या ज्या लॅबना मी पेशी दिल्या होत्या त्यांना सगळ्यांना लिहिलं आहे. काहींची उत्तरं आली. तुमची पत्रं त्यांच्या मानाने सौजन्याची होती.

माझी अट मागे घेतो. नाव ठकीचं, पहिलं आणि ठळक. चूक कुठे आणि कुणाच्या हातून झाली तेही तिने स्पष्ट लिहावं. मी सही करून दिलेलं संमतिपत्र डब्यात आहे.

'मला तुम्ही आवडत नाही,' असं तुम्ही लिहिलंत. माझंही तसंच आहे, त्यात फरक पडलेला नाही. तुम्ही माझ्या दारात येऊन भांडलात तर मी दार उघडेन, एवढं सांगतो.

रविवारी तिला फोन केला. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, ती तुम्ही सांगितलंत म्हणून टाकून दिली. सरळ म्हटलं, 'ठके, मी प्रयोग केला. तुझं बरोबर आहे. माझं चुकलं. लेख पाठव.'

  मग तिने विचारलं, 'बाबा, थट्टा करताय?'

मी नाही म्हटलं.  मग म्हणाली, 'बरं. मी आईंना विचारते आणि कळवते.' आईंना म्हणजे तुम्हाला.

तिने तुम्हाला विचारलं असेल. विचारलं असेल तर तुम्ही तिला सांगा, की तिचे बाबा खरं बोलत होते. माझ्या तोंडून तिला ते पटलं नाही.

पेशींचं मी निस्तरेन. लोक काय म्हणतील त्याचंही मला आता फारसं वाटत नाही. मला काळजी आहे ती हीच. मी माझ्या मुलीशी खरं बोलतोय हे तिला ओळखता येत नाही, आणि ते तिला कसं ओळखू यावं, मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर लिहा.

व्याही